एकेरीतली माणसं

अकरा-बारा वर्षांचा असेन. ज्वारीचं अर्धं पोतं एकट्यानं उचलायला गेलो आणि पोत्यासकट ओसरीवर बसलो. वडील पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "मोठा आला दारासिंग!" त्यावर माजघरातून आजोबांचा आवाज आला, "गामा म्हण, गामा. दारासिंग परवाचा." पोतं राहिलं बाजूला आणि बापलेकांची जुंपली. जगातला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, यावर मी ऐकलेला तो पहिला वाद. तो मिटला नाही. पोतं शेवटी आईनं ओढून आत नेलं.

पुढे शाळेत व्याकरणाच्या तासाला गुरुजींनी शिकवलं की विशेषनाम कधी कधी सामान्यनाम म्हणून वापरतात. 'आमचा बाळू म्हणजे कुंभकर्णच आहे.' मला एकदम ओसरी आठवली. गामा आणि दारासिंग हे तर सामान्यनाम झालेले! तेव्हापासून प्रसिद्धीची माझी कसोटी ठरून गेली आहे. ज्याच्या नावानं टोमणा मारता येतो, तो प्रसिद्ध. बाकीच्यांची नुसतीच नावं छापून येतात.

ही कसोटी लावली की गमती होतात. उशीर झाला म्हणून मी दप्तर सावरत पळत सुटलो की शेजारच्या काकू म्हणायच्या, "निघाला मिल्खासिंग!" बहीण पळाली की "चालली पी. टी. उषा!" आता हे दोघंही ऑलिंपिकमध्ये चौथे आलेले. तो १९६० साली रोमला ४०० मीटरमध्ये आणि ती १९८४ साली लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत. तिचं पदक हुकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागानं. पापणी लवायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो. काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी पळणं म्हणजे ही दोन नावं, आणि तिसऱ्याची त्यांना कधी गरज पडली नाही.

हल्ली या वादाची जागा म्हणजे आमच्या कराडातलं सलून. रविवारी सकाळी तिथं नंबर लावून बसलं की तास-दीड तास कुठं जात नाही. भिंतीला आरसे, आरशांच्या वर सचिन, त्याच्या शेजारी साईबाबा. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक वस्ताद बसतात. वय ऐंशीच्या पुढे, कान तालमीतल्या मातीनं चुरगळलेले, बोलणं जवळजवळ नाहीच. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब ब्रॅडमनचे वकील. इंजिनिअरिंगला असलेला एक पोरगा रोनाल्डोचा. सलूनवाले मामा सचिनचे. पण ते वाद घालत नाहीत. "त्यावर चर्चा नाही," एवढंच म्हणतात आणि वस्तरा धारेला लावतात. २०१३ च्या नोव्हेंबरात वानखेडेवर सचिन शेवटचं बोलत होता, तेव्हा एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच राहिली होती म्हणे. त्या गिऱ्हाइकानंही तक्रार केली नाही. तोही रडत होता.

पोराचा मुद्दा सरळ असतो. तो मोबाइल पुढं करतो. इन्स्टाग्रामवर रोनाल्डोच्या मागे साठ कोटींहून जास्त लोक आहेत. भारत आणि चीन सोडले तर एवढी माणसं कुठल्या देशातसुद्धा नाहीत. यावर काय बोलणार? साहेब म्हणतात, "मागे लोक असणं वेगळं." पोरगा म्हणतो, "कसं?" साहेबांना ते कसं, हे सांगता येत नाही.

मला मात्र तो आकडा पटायच्या आधी आमच्या बोळातली पोरं पटली होती. ती रबरी चेंडूनं क्रिकेट खेळतात. विकेट पडली की बोलर धावत जातो, उडी मारून हवेत गिरकी घेतो, पाय फाकवून उतरतो आणि दोन्ही हात खाली झटकून ओरडतो, "स्यूऽऽ!" त्यातल्या निम्म्यांनी रोनाल्डोचा एकही सामना पाहिलेला नाही. त्यांनी हे उचललं सिराजकडून, सिराजनं रोनाल्डोकडून. म्हणजे गामा-दारासिंगांचं सामान्यनाम झालं, या गड्याचं थेट केवलप्रयोगी अव्यय झालं. अरेरे, शाबास, छे आणि स्यू. व्याकरणात इतक्या पुढं पोचलेला दुसरा खेळाडू मला माहीत नाही.

साहेबांचा ब्रॅडमन त्या मानानं कोरडा. पण कोरडेपणातच त्याची जादू आहे. ५२ कसोट्या, ६,९९६ धावा, सरासरी ९९.९४. दीर्घकाळ कसोटी खेळलेल्या दुसऱ्या कुणाची सरासरी बासष्टलासुद्धा पोचत नाही. १९४८ साली ओव्हलवर शेवटच्या डावाला उतरला तेव्हा सरासरी शंभर व्हायला चार धावा हव्या होत्या. एरिक हॉलिजनं दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडवला. साहेब हे सांगताना नेहमी चार बोटं वर करतात आणि एकेक करून मिटतात. चाळीस वर्षं कॅश मोजलेला माणूस. चार रुपये कमी भरले की रात्र कशी जाते, हे त्यांना विचारावं.

"पण खेळला किती देशांशी?" पोरानं मागच्या महिन्यात विचारलं. इंग्लंड, वेस्ट इंडीज, दक्षिण आफ्रिका, भारत. चारच. आणि ५२ पैकी ३७ सामने एकट्या इंग्लंडशी. साहेब गप्प झाले. मग एकदम उसळून म्हणाले, "पण भारताशी खेळला तेव्हा अ‍ॅडलेडला त्यानं २०१ काढले, आणि त्याच कसोटीत आपल्या हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली. ११६ आणि १४५. सांगलीत जन्मलेले हजारे!" वाद कराडातला असल्यामुळे सांगली आली की सगळ्यांना बरं वाटतं. ब्रॅडमनचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

माझा माणूस बॉक्सर मोहम्मद अली. मी त्याला खेळताना पाहिलेलं नाही. जुन्या फिल्मा पाहिल्या आहेत, त्याही मोबाइलवर. आणि खरं सांगायचं तर तो मला पटायला वेळ लागला. आपल्याकडे नापास झालेलं एकवेळ चालतं, पण आपल्या तोंडानं आपली टिमकी वाजवणं म्हणजे संस्कारच नाहीत. हा तर बावीस वर्षांचा असताना सनी लिस्टनला हरवून रिंगमध्येच ओरडत सुटला की मीच जगात श्रेष्ठ. हल्ली जो तो ज्याला त्याला 'गोट' म्हणतो, त्याचा उगमही याच घरात सापडतो. अलीच्या बायकोनं १९९२ साली त्याच्या नावाच्या व्यवहारासाठी कंपनी काढली, तिचं नावच 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम'. आद्याक्षरं घेतली की बोकड होतो. मामांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्यात बोकड म्हणजे कापायचा असतो."

पण १९६७ साल आलं आणि अली म्हणाला, मी व्हिएतनामला लढायला जाणार नाही. जगज्जेतेपद काढून घेतलं, शिक्षा सुनावली, साडेतीन वर्षं रिंग बंद. पंचविशी ते अठ्ठाविशी. खेळाडूच्या आयुष्यातून ही वर्षं वजा करून पाहावीत. सचिनच्या, ब्रॅडमनच्या, कुणाच्याही. सर्वोच्च न्यायालयानं १९७१ साली शिक्षा रद्द केली. वर्षं कोण परत देणार? तोवर पाय पूर्वीसारखे नाचत नव्हते.

तरी १९७४ च्या ऑक्टोबरात तो झैरमधल्या किन्शासाला जॉर्ज फोरमनपुढे उभा राहिला. फोरमन पंचवीस वर्षांचा, चाळीस लढती खेळून एकही न हरलेला. अली बत्तीस. सामना पहाटे चारला, कारण अमेरिकेत तेव्हा रात्रीची टीव्हीची वेळ. सगळ्यांना वाटलं, अली नाचत राहील, लांब राहील. तो दोरांना पाठ टेकून उभा राहिला आणि मार खात राहिला. दुसरी फेरी, तिसरी, पाचवी, सातवी.

हे मी सलूनमध्ये रंगात येऊन सांगत होतो, तेव्हा कोपऱ्यातून पहिल्यांदाच आवाज आला.

"अंगावर घेतलं त्यानं."

सगळे वळले. वस्ताद आरशात बघतच बोलत होते. "समोरचा जड आसला की त्येला येऊ द्यायचं. लावू दे ताकद. आपण फकस्त तोल सांभाळायचा. त्येचा दम उतरला, की मग घिस्सा." आणि मांडीवरच्या हाताची नुसती एक हालचाल. आठव्या फेरीत फोरमन खाली पडला होता. वस्तादांनी ती लढत कधी पाहिलेली नव्हती.

मग मला चेव आला. म्हटलं, रोमचं ते १९६० चं ऑलिंपिक बघा. अठरा वर्षांचा अली तिथंच सोनं घेऊन गेला, तेव्हा तो कॅशियस क्ले होता. इथिओपियाचा अबेबे बिकिला त्याच गावात अनवाणी मॅरेथॉन पळून पहिला आला. विल्मा रुडॉल्फ, लहानपणी पोलिओनं पाय गेलेली, तिनं धावण्याची तीन सुवर्णपदकं घेतली. आणि आमच्या काकूंचा मिल्खासिंगही त्याच ट्रॅकवर चौथा आला. एका गावात, अठरा दिवसांत. तिथल्या एखाद्या सलूनमध्ये तेव्हा काय वाद पेटला असेल!

विल्माचं नाव मी मुद्दाम घेतलं होतं. आधीच्या रविवारचा सगळा वृत्तान्त घरी सांगितला तेव्हा बायको म्हणाली, "एवढ्या नावांत एक बाई नाही तुमच्या?" आणि तिनंच मुद्दा दिला. सेरेना विल्यम्स २०१७ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली ती पोटात बाळ असताना, आणि पूर्ण स्पर्धेत एकही सेट न गमावता. मी तो मुद्दा डब्यासारखा जपून सलूनमध्ये नेला. क्षणभर मामांची कात्री थांबली. पोरगा म्हणाला, "पॉइंट आहे." मग सगळे परत फुटबॉलवर गेले. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, सगळ्यांना पटलं. यात खोटं काहीच नव्हतं.

अलीकडे परत येतो, कारण मला ज्या गावाला जायचंय तिथली वाट त्याच्यावरूनच जाते. १९९६, अटलांटा. ऑलिंपिकची ज्योत पेटवायला कोण येणार, हे गुपित ठेवलेलं. आणि उजेडात अली आला. कंपवातानं हात थरथरतोय, मशाल हलतेय, आणि जगभर माणसं श्वास रोखून बसलीत. त्याच अटलांटात लिअँडर पेसला टेनिसचं कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताला त्याआधीचं वैयक्तिक पदक मिळून तेव्हा चव्वेचाळीस वर्षं झाली होती. १९५२, हेलसिंकी, कुस्ती, कांस्य. खाशाबा दादासाहेब जाधव. मुक्काम गोळेश्वर, आमच्या सलूनपासून स्कूटरवर दहा मिनिटं.

खाशाबांचं नाव निघालं की आमच्याकडे आवाज खाली येतात. त्यांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पुढे पोलिसात नोकरी, १९८४ साली अपघाती मृत्यू, अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. त्यांचा वाढदिवस, १५ जानेवारी, आता राज्याचा क्रीडादिन आहे. सगळं झालं. पण माझ्या कसोटीला खाशाबा उतरत नाहीत. खुद्द कराडात पोतं उचलणाऱ्या पोराला कुणी 'मोठा आला खाशाबा' म्हणत नाही. पदक मिळवलेल्या माणसाच्या नावानं टोमणा नाही, आणि चौथे आलेल्या दोघांच्या नावानं आहे.

त्या दिवशी खुर्चीत मान मागं टाकून बसलो असताना त्याचं कारण माझ्या लक्षात आलं, आणि ते पुन्हा व्याकरणातच होतं. सचिन आला, अली पडला, ब्रॅडमन चुकला, उषा पळाली. सगळे एकेरी. पंचावन्न वर्षांचे मामा देव्हाऱ्यातल्या विठोबाला तू म्हणतात, आईला तू म्हणतात, आणि भिंतीवरच्या सचिनला तो. खाशाबा मात्र 'ते'. हजारे 'ते'. ज्यांच्या बाबतीत आपल्याकडून काही राहून गेलंय, त्यांना आपण आदरार्थी बहुवचन देऊन टाकतो की काय कोण जाणे. टोमणा मारायला माणूस घरातला लागतो. 'ते' पाहुणे असतात. त्यांना पाट द्यायचा, चहा द्यायचा, आणि पोतं उचलताना आठवायचं नाही.

हे मी बोलून दाखवलं. साहेबांना आवडलं नाही. मोठ्या माणसाला एकेरीत कसं म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न. पोराला मुद्दा कळला, पण त्याचं निम्मं लक्ष मोबाइलमध्ये. वस्तादांचा नंबर आला होता. मामांनी त्यांच्या गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं, पाणी फवारलं.

"सात वर्साचा हुतो मी," वस्ताद म्हणाले. कुणाला सांगतायत ते कळेना, आरशालाच असावं. "बाच्या खांद्यावर बसल्यालो. स्टेशनापास्नं गोळेश्वरपतूर निसत्या बैलगाड्या. शंभरावर आसतील. हलगी, ढोल. गुलालानं त्याचं त्वांड दिसंना. मला वाटल्यालं, साता समिंदरापल्याड जाऊन कुस्ती मारली म्हंजी ह्यो येवढा आसंल." कापडाखालून हात निघाला, छतापर्यंत गेला आणि हळूहळू खाली आला. "आन् बघतो तर आमच्या चुलत्यायेवढाच की. माझ्याकडं बघून हसला."

मामा कंगवा धरून थांबले होते. "वस्ताद, मान जरा खाली घ्या."

वस्तादांनी मान खाली घातली. कात्री सुरू झाली. पोरानं मोबाइल मांडीवर उपडा ठेवला.

"आजोबा, मग? पुढं काय म्हणाला तो?"