पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड

शाळेनं मला काय काय दिलं ते लिहायला बसलो तर स्मरणिकेची पानं पुरणार नाहीत. म्हणून एकाच गोष्टीबद्दल लिहितो. कविता कशी वाचायची, हे मला आपल्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी शिकवलं.

निर्जीव वस्तू माणसासारखी वागताना दाखवली की चेतनगुणोक्ती, ही व्याख्या आम्हाला घडाघडा यायची. ओळ दिली की अलंकार ओळखायचा आणि गुण पदरात पाडून घ्यायचे. बाईंचं तेवढ्यानं समाधान होत नसे. बालकवींची ‘औदुंबर’ शिकवताना त्यांनी आठ ओळींतलं सगळं दृश्य फळ्यावर काढलं: झरा, टेकडीकडचं चार घरांचं गाव, हिरवी शेतं, काळ्या डोहाकडे निघालेली पांढरी पायवाट, आणि शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेलं औदुंबराचं झाड. मग खडू खाली ठेवून विचारलं, “यात माणूस कुठे आहे?” गाव आहे, पण माणूस एकही दिसत नाही. आम्ही गप्प. बाई म्हणाल्या, “पाण्यात पाय टाकून कोण बसतं रे?”

झाड कशाला बसेल? बसतो तो माणूस, आणि तोही बहुधा एकटा असताना. हे कळलं आणि कवितेतले रंगही दिसू लागले. हिरव्या-निळ्यापासून निघालेली कविता सरकत सरकत काळ्यावर येते, आणि त्या काळिम्याला कवी ‘गोड’ म्हणतो! यावरून वर्गात दोन तट पडले. अर्ध्यांना ते झाड उदास वाटलं, उरलेल्यांना शांत. बाईंनी निकाल दिला नाही. बालकवी (१८९०–१९१८) पुरी अठ्ठावीस वर्षंही जगले नाहीत. पण उदासी आणि समाधान एकाच मनात शेजारी शेजारी नांदतात, हे त्यांनी एका झाडाकडून वदवून घेतलं. सरळ सांगितलं असतं तर मला ते इतकं पटलं नसतं.

संस्कृतच्या सरांनी याची दुसरी बाजू दाखवली. ‘मेघदूता’त कालिदास स्वतःच विचारतो, की धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा गोळा म्हणजे ढग, तो निरोप कसा नेणार? आणि उत्तरही देतो: विरहानं व्याकूळ झालेल्याला सजीव-निर्जीव हा भेद उरत नाही. म्हणजे मेघ बोलका झाला तो, दूरच्या पत्नीला त्याच्याकरवी निरोप धाडणाऱ्या यक्षाच्या मनःस्थितीमुळे. हे कालिदासानं काव्याच्या आरंभीच सांगून टाकलं आहे, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

तुकोबांचा ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं’ आता वृक्षारोपणाच्या फलकांवर दिसतो. तो अभंग शेवटपर्यंत वाचावा. झाडं आणि पक्षी यांच्यापासून निघून तो थांबतो ‘मनासी संवाद’ इथे, ‘आपुलाचि वाद आपणांसी’ इथे.

बहिणाबाईंची वाट मात्र उलटी. त्या झाडात मन पाहत नाहीत, मनाकडे पाहताना त्यांना शेत दिसतं: ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी लिहून ठेवलेल्या त्यांच्या कविता त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तकरूपानं आल्या. ही कविता बाईंनी वाचली तेव्हा मागच्या बाकावरची, एरवी फारशी न बोलणारी एक मैत्रीण उभी राहिली. हाकललेलं ढोर लांब जात नाही, म्हणाली; बांधावर थांबतं, मान वळवून बघत राहतं, आणि आपली पाठ फिरली की नेमकं तिथेच तोंड घालतं, कारण त्या कोवळ्या पिकाची चव त्याच्या जिभेवर असते. बाईंनी तिला पुढे बोलावलं, पुस्तक तिच्या हाती दिलं आणि उरलेली कविता तिलाच शिकवायला सांगितली.