जवारी एवढी खुलली कशी?

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात बारा वर्षं स्पीकर विकतोय. महागडी जोडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात कशी मारायची, हे मला कुणी शिकवायला नको. व्हॉल्यूमच्या नॉबला हात लावायचा नाही, बस. स्वस्त जोडीची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटवर किती मोठी वाजते ते, ८६ डेसिबल, महागडीची ९०. ॲम्प तोच, गाणं तेच, तरी महागडी आपसूक चार डेसिबल मोठी वाजते. आणि कानाला मोठं ते सरस वाटतं. 'काय मोकळा आवाज आहे ना?' एवढं विचारलं की बिल फाडायला घ्यायचं.

गेल्या पावसाळ्यात गिरगावातल्या एक काकू आल्या. घरी गाणं शिकवतात. पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. त्यात फक्त त्यांचा तंबोरा, काळी चारच्या सुरात लावलेला. स्पीकर घ्यायला येणारी माणसं सहसा ढणढणाट घेऊन येतात.

पहिली जोडी त्यांनी डोळे मिटून ऐकली. दुसरी लावली, आणि डोळे उघडले.

"आवाज वाढवलास का रे?"

"नाही हो काकू, नॉब आहे तिथंच आहे."

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

"मग दोन्ही सारखे करून लाव."

मुकाट्याने आवाज मोजायचा मीटर काढला, त्यांच्याच खुर्चीवर ठेवला, पिंक नॉइज या चाचणीच्या आवाजाचा शूऽऽ लावून दोन्ही जोड्या एका आकड्यावर आणल्या. चार डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात, पण भरून काढायला ॲम्पला अडीचपट वॉट ढकलावे लागतात. शेठ गल्ल्यावरून बघत होते.

पुन्हा तंबोरा. या वेळी महागड्या जोडीवर काकूंच्या कपाळाला आठी.

"हा माझा तंबोरा नाही. माझी जवारी एवढी खुली नाही, मी ती जरा बंदच ठेवून घेतलीय."

जवारी म्हणजे घोडीवर तार घासून उठणारा झंकार; खुली तर झणझणीत, बंद तर मऊ. त्या स्पीकरची ट्रेबल कंपनीनेच थोडी चढवलेली आहे, हे मला ठाऊक होतं. झणझणीत वाजतो म्हणून तर खपतो. स्वस्त जोडीवर खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या तारेतून गंधार, कुठल्याच तारेवर न लावलेला 'ग', आपोआप वर येत होता. काकूंनी बोट वर केलं, "हा बघ, आला." बारा वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

स्वस्त जोडी गेली. शेठ दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

रविवारी लावायला गेलो. खोली दहा बाय बारा, स्पीकर शोकेसच्या कोपऱ्यात ठेवायचे ठरलेले. लावले तर खर्ज नुसता घुमतोय, दोन्ही भिंतींनी बेस फुगवलेला. स्टुलांवर ठेवून भिंतीपासून दीड फूट पुढे ओढले, तेव्हा कुठे तार सुटी झाली. वाट अडते म्हणून काका कुरकुरले. काकूंनी त्यांना हातानेच गप्प केलं.

चहा पिऊन निघालो, तर काकू दोन्ही स्पीकरांवर तंबोऱ्याची जुनी गवसणी पांघरत होत्या, धूळ बसू नये म्हणून.

"ऐकताना काढा हं," मी म्हटलं.

"तंबोऱ्यावर ठेवून वाजवते का मी?"