खिडकीचित्र

सप्टेंबर २०२३ मधला पहिला रविवार. परभणीत जिंतूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात अकरा जणी आणि दोन जण माझ्यासमोर सतरंजीवर बसले होते. मी नेलेली आठही चित्रं हातोहात फिरली आणि एकेक करून परत माझ्याकडे आली.

मी शाळेत चित्रकला शिकवते. एकोणीस वर्षं झाली. मुलांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवणं, गॅदरिंगचे पडदे रंगवणं, सणावारी फलक लिहिणं, हे माझं काम. तृतीयपंथीयांसाठी आरोग्याचं काम करणाऱ्या इथल्या एका संस्थेला मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवात एका कॉलेजात प्रदर्शन मांडायचं होतं. चित्रं काढून द्याल का, असं त्यांनी विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. पंधरा दिवस खपून रेखाटनं केली. तडा गेलेला आरसा आणि त्यात अर्धा चेहरा पुरुषाचा, अर्धा बाईचा. बंद दारापुढे पसरलेला हात. गालावरून ओघळलेलं काजळ.

त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्कर बाईंना सगळ्या अम्मा म्हणत. दारातून येणारी प्रत्येक जण आधी त्यांच्यापुढे वाकायची, “पाव पडती अम्मा,” आणि त्या न बघताच म्हणायच्या, “जीती रह.” अम्मांनी काजळाचं चित्र उजेडात धरलं. बराच वेळ पाहिलं.

“बाई, ह्याच्यात मेलंय कोण?”

सगळ्या हसून लोळल्या. अम्मा मात्र हसल्या नाहीत. “दिसभर आमी हासतो. हासल्याबिगर आमचं भागतंय का? आन् तुमी आठ कागदं केले, आठी कागदावर आमाला रडायलाच बसवलं.”

हसू मी मुद्दाम टाळलं होतं. का टाळलं, हे त्यांना सांगणं मला भाग वाटलं.

दहाएक वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. चालणं मऊ, बोलणं मऊ. वहीच्या शेवटच्या पानांवर रांगोळीसारख्या नक्षी काढायचा आणि त्यात एकही रेघ वाकडी नसायची. एकदा मी वर्गात शिरले तर फळ्यावर साडीतलं एक चित्र, दोन्ही हात टाळीच्या पवित्र्यात, खाली त्या मुलाचा हजेरी क्रमांक. सारा वर्ग खिदळत होता. मी डस्टर घेतलं, फळा पुसला आणि स्थिरचित्राचा तास सुरू केला. कुणाला काही विचारलं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. नववीत तो शाळा सोडून गेला. फळ्यावरचं ते चित्र ज्याने काढलं त्याचा हात चांगला होता, हेही मला अजून आठवतं. तेव्हापासून तृतीयपंथी आणि विनोद हे दोन शब्द शेजारी आले की मला तो फळाच दिसतो.

हे ऐकून सगळ्या गप्प झाल्या. मग सेलूहून आलेली एक जण म्हणाली, “फळा पुसला ते बरंच केलं बाई. पर पुसल्यावर खडू त्या पोराच्या हातात द्यायचा होता.”

कुणाचंही नाव लिहायचं नाही असं आमचं ठरलं आहे, म्हणून इथे गावांवरून ओळखू या. मी माझी आठ चित्रं पिशवीत घातली आणि त्यांची हास्यचित्रं त्यांनीच काढावीत म्हणून कोरी कार्डशीटं वाटली. चौकट कशी आखायची, बोलण्याचा फुगा कुठून निघतो, मनातल्या विचारासाठी ढगासारखा फुगा का काढतात, एवढं फळ्यावर दाखवलं. माणूस काढता येत नसेल तर गोल डोकं आणि चार काड्या पुरतात, भुवई नीट वाकली म्हणजे झालं, हेही सांगितलं. पुढचे सहा तास मला फारसं काही शिकवावं लागलं नाही.

पहिली पट्टी पूर्णेची. मराठवाडा एक्सप्रेसचा डबा. पहिल्या चौकटीत सगळे प्रवासी गप्पांत, कुणी शेंगा सोलतंय, कुणी पत्ते पिसतंय. दुसऱ्या चौकटीत नुसता टाळीचा आवाज, जाड अक्षरात. तिसरीत अख्खा डबा गाढ झोपलेला, शेंग अजून बोटात. चौथीत ती एका झोपलेल्याच्या अंगावर त्याचीच शाल नीट पांघरून म्हणतेय, “झोपा भाऊ. मागून टीसी यायलाय.” आणि त्याचा एक डोळा टक्क उघडा. त्या एका डोळ्यासाठी तिने अर्धा तास घेतला. चार वेळा खोडलं. डोळा मोठा झाला की माणूस घाबरलेला वाटतो, तिला तो पकडला गेलेला हवा होता. वर्गात मुलांना मी इतकी वर्षं जे समजावतेय, ते तिला आतूनच कळत होतं.

मानवतची पट्टी बसच्या तिकिटाची. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. हिच्या अंगावर साडी, आधारवर अजून ‘पुरुष’. चित्रातला कंडक्टर कार्ड बघतो, साडी बघतो, पुन्हा कार्ड बघतो, कपाळावर घामाचे थेंब. तेवढ्यात मागच्या सीटवरून एक जण ओरडतो, “ए बाई, सरक पुढं!” ती मागे वळून म्हणते, “दादा, जरा मोठ्यानं म्हना, कंडक्टरसायबाला ऐकू जाऊ द्या.” शेवटच्या चौकटीत कंडक्टर मशीन हातात घेऊन विचारतो, “पूर्ण नाही, अर्धं नाही, पाऊण फाडू का?” हे खरंच घडलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “पाऊण माझं. बाकी समदं खरं.” तिला राग त्या कंडक्टरचा नव्हताच. कार्ड बघून तिकीट द्यायचं, तो ते करत होता. कार्ड बदलण्यासाठी आधी जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र लागतं. २०१९ च्या कायद्याने त्याची सोय झाली, अर्ज ऑनलाइन करता येतो, डॉक्टरी तपासणीची अटही तेव्हा त्यात नव्हती. पण तिच्याजवळ राहत्या घराचा कागद नव्हता, कारण खोली कुणी तिच्या नावाने करारावर देत नव्हतं.

त्यावरून खोलीचंही चित्र निघालं. घरमालक दारातून हात हलवतोय, “खोली नाही.” पुढच्या चौकटीत त्याच दारात तोच मालक, हातात बाळ, वाकून पाया पडतोय, “नातू झालाय, आशीर्वाद द्या.” ती बाळाच्या कानात सांगतेय, “मोठा झाला की खोली दे रे राजा.”

दोन जणांपैकी एक गंगाखेडचा, बाविशीचा, पारलिंगी पुरुष. जन्मल्यावर मुलगी म्हणून नोंद झालेला. तृतीयपंथी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे साडीच येते, आणि मीही माझ्या आठ चित्रांत त्याच्यासाठी एक रेघ ओढली नव्हती. दुपारपर्यंत तो कोपऱ्यात बसून होता. मग त्याने एकच चौकट दिली. सलूनची खुर्ची, न्हावी विचारतोय, “दाढी का कटिंग?” खुर्चीतल्या पोराच्या गालावर एकही केस नाही आणि चेहऱ्यावर मावेना इतका आनंद. फुग्यात लिहिलेलं, “दोन्ही!” खाली बारीक अक्षरात: ‘पन्नास रुपये गेले. गेले तर गेले.’ तो कागद मी बराच वेळ हातातून खाली ठेवला नाही.

अम्मांनी एक नियम घातला. कमरेखालचं कुणी काढायचं नाही. “लोक तेवढंच इचारतेत. त्येंना तेवढंच दाखवायचं व्हय?” मला तो नियम मनापासून पटला. जिंतूरच्या एकीने विचारलं, “मग इचारणारा तर काढू?” अम्मा म्हणाल्या, “काढ.” बसस्टँडवर इस्त्रीच्या कपड्यांतले एक गृहस्थ अगदी जवळ येऊन विचारतायत, “तुमचं ऑपरेशन झालंय का हो?” ती तितक्याच काळजीने, “माझं राहू द्या. तुमच्या मूळव्याधीचं झालं का?”

अम्मांना स्वतःला चित्र काढायचं नव्हतं. त्यांनी तोंडी सांगितलं आणि हात माझा चालला. त्या जुलैत तेलंगणा उच्च न्यायालयाने निजामाच्या काळचा एक कायदा रद्द केला होता. १३२९ फसलीचा, म्हणजे १९१९ च्या आसपासचा. तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवायची, बाईच्या वेषात रस्त्यावर दिसला किंवा नाचगाणं करताना दिसला तर वॉरंटशिवाय धरायचा, दोन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा आपला मराठवाडा त्याच राज्यात होता. शाळेत दरवर्षी १७ सप्टेंबरचा फलक मी रंगवते, पोलीस ॲक्शन, रझाकार, स्वामी रामानंद तीर्थ, सगळं तोंडपाठ आहे, पण हा कायदा मला ठाऊक नव्हता. बातमी मोबाइलवर वाचून दाखवली ती पूर्णावालीने. अम्मांच्या गुरूंच्या गुरू त्या काळातल्या. त्या सांगायच्या म्हणे, शिपाई दिसला की लुगड्यावरून धोतर गुंडाळायचं. अम्मांनी तेच चित्र सांगितलं: झाडामागे चार जणी घाईघाईने धोतर नेसतायत, आणि शिपाई लांबून म्हणतोय, “आज गावात मर्द लई झाले!” मी काढत होते आणि अम्मा पुन्हा पुन्हा बजावत होत्या, “घाबरलेलं तोंड नक्को. घाई झालेलं काढ.”

सेलूवालीचा कागद संध्याकाळपर्यंत कोराच होता. तिला विनोद सुचत होता, पण तो चौकटींत मावत नव्हता. मला एकदम वडिलांची ट्रंक आठवली. तिच्यात ‘आवाज’चे जुने दिवाळी अंक असत. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेला तो अंक त्यातल्या खिडकीचित्रांसाठी घराघरांत माहीत होता. वरच्या पानाला चौकोनी खिडकी कापलेली, तिच्यातून खालच्या पानाचा तुकडा दिसायचा आणि मनात भलतंच यायचं. पान उलटलं की कळायचं, साधंच काही चाललंय. लहानपणी ते अंक आम्हाला हाताला लागू देत नसत. मी तिला दोन कागद घेऊन युक्ती दाखवली. ती माझ्या हातातला कटर काढून घेत म्हणाली, “थांबा बाई. कळलं.”

वरच्या कागदावर रस्ता. लोक पाकिटं चाचपतायत, एक जण पोराचे डोळे झाकतोय, एक बाई पदर सावरतेय, “आली आली, पैसे काढा!” मधल्या खिडकीतून फक्त हिरव्या बांगड्या, दोन मनगटं आणि समोरासमोर आलेली बोटं. कागद उचलला की चूल, तवा, आणि तीच मनगटं हातावर ज्वारीची भाकर थापतायत. समोर ताट घेऊन बसलेला एक म्हातारा म्हणतोय, “अजून एक वाढ, बेटा.” अवघड गोष्ट होती ती खिडकीच्या मापाची. जरा मोठी झाली की भाकर आधीच दिसायची, लहान झाली की हात कळायचे नाहीत. तीन कार्डशीटं वाया गेली. चौथ्याला बरोबर बसली आणि सगळ्या जणी टाळ्या वाजवून हसायला लागल्या, त्यांच्या नेहमीच्या टाळ्या, मोठ्या. तो म्हातारा तिचा बाप होता. घरातून काढलेली पोरगी तीच, आणि शेवटची दोन वर्षं त्याला करून घालणारीही तीच. हे तिने मला नंतर, बाहेर चपला घालताना सांगितलं.

प्रदर्शन १६ तारखेला, शनिवारी झालं. सकाळीच एका प्राध्यापकांनी मूळव्याधीचं चित्र अश्लील आहे म्हणून उतरवायला लावलं. मी हुज्जत घातली, उपयोग झाला नाही, चित्र भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. अकराच्या सुमाराला आतून मुलांच्या हसण्याचा मोठा लोट आला. आठवीच्या वर्गातून यायचं तसंच ते हसू, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. धावत गेले. रेल्वेच्या पट्टीपुढे दहा-बारा पोरं, आणि मधोमध पूर्णावाली, टीसीचा संवाद आवाज काढून वाचून दाखवतेय. एक पोरगा म्हणत होता, “अक्का, तो झोपलेला मीच आहे. गेल्या महिन्यात.” ती म्हणाली, “वळखलं म्हनूनच काढलं.”

खिडकी उघडून-मिटून दुपारपर्यंत तिच्या कडा सुटल्या. दोनदा चिकटपट्टी लावली. तीन वाजता नातीच्या फीचं काम घेऊन आलेल्या एक आजी आत शिरल्या, नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी खिडकीतून पाहिलं, तोंड वाकडं केलं. नातीने कागद उचलून दाखवला. आजी वाकल्या, चष्मा सरळ केला.

“ही हातावर थापायली?” त्यांनी विचारलं. “आता कुणी हातावर थापत नाही. आमची सासू थापायची.”

सेलूवाली मागेच उभी होती. “मीच थापते आजी. परातीत मला जमत नाही.”

आजींनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग तिचे हात पाहिले. “कडंला चिरत नाही?”

“उकळत्या पान्यात मळायचं. आन् पीठ ताजं.”

“पीठ ताजंच पाहिजे,” आजी म्हणाल्या, आणि नातीला फी भरून यायला सांगून तिथेच बाकावर टेकल्या.