दरजा भरताना

दगडाच्या दुकानात गेलेला माणूस दगडावरून हात फिरवतो, वर पाणी शिंपडून रंग पाहतो, चौरस फुटाचा भाव पाडून घेतो. दोन दगडांच्या मध्ये काय जाणार, हे मात्र विचारायचं राहून जातं. पुढे क्लॅडिंग (भिंतीवर चिकटवायचा पातळ दगड) लागतं, घरातले लोक लांब उभं राहून भिंत बघतात आणि गवंडी सांगतो, 'आता फक्त दरजा भरायच्या राहिल्यात.' दरज म्हणजे दोन दगडांमधली फट.

त्या 'फक्त'चा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. दगड सरासरी २०० बाय १०० मिलिमीटरचा आणि दरज १२ मिलिमीटरची धरली, तर दर्शनी भिंतीचा जवळजवळ सहावा हिस्सा दरजेचा भरतो. तेच दगड १०० बाय १०० चे चौकोनी असले तर पाचवा. एवढा मोठा भाग आपण शेवटच्या दिवशी, उरलेल्या सिमेंटमध्ये, घाईघाईत उरकतो, आणि भिंत बिघडली की दगडाला नावं ठेवतो.

सिन्नरच्या गोंदेश्वरासारखं हेमाडपंती काम पाहिलं तर तिथे दरजेत काही भरलेलंच नसतं. घडीव दगडावर घडीव दगड, वजनानं आणि खाचांनी एकमेकांना धरलेले. तसा दगड घडवण्याची आपली ऐपत नाही आणि गरजही नाही. आपला दगड जेमतेम २० ते ३० मिलिमीटर जाडीचा, विटांच्या भिंतीला चिकटवलेला. तो कसलाच भार पेलत नाही. पावसाचं पाणी त्याच्या मागे जाऊ न देणं, कडा टवकण्यापासून वाचवणं आणि त्या पातळ पापुद्र्याला भिंतीचं रूप देणं, ही तिन्ही कामं दरजेकडे आहेत. (लांबट पट्ट्या एकावर एक बिनदरजेच्या बसवायच्या, असाही एक प्रकार बाजारात आहे. त्याला हा लेख लागू नाही.)

माल, म्हणजे दरजेत भरायचं सिमेंट-रेतीचं मिश्रण, कालवण्याआधी भिंत ठोकून घ्यावी. थापीच्या दांड्यानं प्रत्येक दगडावर हलकेच टकटक करत गेलं की जो सुटलेला असेल तो पोकळ वाजतो. असा दगड दरज भरून पक्का होईल, अशी आशा धरू नये. तो काढून पुन्हा चिकटवावा आणि चिकटवल्यावर निदान एक पूर्ण दिवस त्याला हात लावू नये. मग दरजांत बाहेर आलेला चिकटवणीचा माल छिन्नीनं खरवडून काढायचा. दरज निदान १५ ते २० मिलिमीटर खोल मोकळी हवी. पाच मिलिमीटर खोलीत वरवर फासलेला माल एका उन्हाळ्यात पापडी धरून सुटतो. खरवडणीला ग्राइंडर वापरायचा असेल तर डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला धुळीचा मास्क हवाच. साधा रुमाल दगडाची बारीक पूड अडवत नाही.

आता माल किती लागेल? १० फूट बाय ८ फुटांची भिंत घेऊ. म्हणजे ८० चौरस फूट, सुमारे साडेसात चौरस मीटर. २०० बाय १०० च्या दगडांत एका चौरस मीटरमध्ये दरजेची लांबी १३ ते १४ मीटर होते. रुंदी १२ आणि खोली २० मिलिमीटर धरली की दर चौरस मीटरला सव्वातीन लिटर, म्हणजे पूर्ण भिंतीला २४ लिटर भरीव माल. सांडलवंड धरून २८ लिटर. कोरडं सिमेंट आणि रेती एकत्र ओली झाली की आकार घटतो, म्हणून कोरडं साहित्य साधारण एक तृतीयांश जास्त घ्यावं लागतं. एकास तीन प्रमाणात हे साडेनऊ लिटर सिमेंट आणि साडेअठ्ठावीस लिटर रेती होतं. ५० किलोच्या पोत्यात सुमारे ३५ लिटर सिमेंट बसतं, तेव्हा पाव पोत्याहून थोडं जास्त. प्रमाण मापाच्या बादलीनंच घ्यावं. फावड्यानं मोजलेलं एकास तीन सकाळी एक असतं आणि दुपारी दुसरंच.

सिमेंट वाढवलं म्हणजे दरज जास्त पक्की होते, हा समज फार चिवट आहे. एकास एकचा माल हाताला गुळगुळीत लागतो, मिस्त्रीला ओढायला बरा वाटतो, आणि वाळताना आकसून दगडाच्या कडेशी केसासारखी भेग सोडतो. त्या भेगेतून पाणी आत जातं, पण तितक्या सहज बाहेर पडत नाही. टाइल्सच्या फटी भरायची तयार ग्राउट पावडर इथे वापरतात त्याचंही असंच. तिचा बिनरेतीचा प्रकार दोन-तीन मिलिमीटरच्या फटीसाठी असतो. १२ मिलिमीटरच्या दरजेत तो तडकणारच. चुना मिळत असेल तर एक भाग सिमेंट, एक भाग भिजवलेला चुना आणि सहा भाग रेती हा माल दरजेला फार छान. तो लोण्यासारखा ओढला जातो, पाणी धरून ठेवतो आणि भिंतीच्या बारीकसारीक हालचाली सोसतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्यावर तर हाच वापरावा. जांभा मऊ आहे. त्याच्या दोन चिऱ्यांमध्ये कडक सिमेंटची दरज बसवली की ओल दरजेतून बाहेर पडेनाशी होते, ती चिऱ्यातून वाट काढते आणि कालांतरानं चिरे झिजून दरजांची जाळी तेवढी पुढे उरते. जुन्या घरांच्या चुन्यातल्या भिंतींना 'दुरुस्ती' म्हणून सिमेंट फासलं जातं, तिथे हे हमखास बघायला मिळतं.

रेती चाळलेली हवी. अडीच मिलिमीटरहून मोठा खडा दरज ओढताना पट्टीखाली अडकतो आणि मागे चर पाडतो. आता सगळीकडे क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली रेती, मिळते. तिच्यात भुकटी जास्त असते, म्हणून धुतलेली, प्लास्टरची घ्यावी. खाडीची रेती टाळलेली बरी, आणि घ्यावीच लागली तर गोड्या पाण्यानं नीट धुतल्याशिवाय वापरू नये. तिच्यातलं मीठ पुढे भिंतीवर पांढरं फुलून येतं. रंगाचंही गणित रेतीशीच आहे. नव्या दरजेवर सिमेंटचा पातळ थर असतो. दोन पावसाळ्यांत तो धुपला की रेतीचा दाणा उघडा पडतो आणि पुढची सगळी वर्षं त्याचाच रंग दिसत राहतो.

रंग घालायचाच असेल तर लोखंडाच्या ऑक्साइडचा घ्यावा, सिमेंटच्या वजनाच्या दोन ते पाच टक्के. दहा टक्क्यांपलीकडे गेलं की माल कच्चा होतो. रंग चमच्यानं नव्हे, वजनकाट्यावर मोजायचा, आणि सगळ्या भिंतीचं सिमेंट, रेती, रंग कोरडंच एकदम मिसळून ठेवायचं. त्यातून लागेल तसं काढून पाणी घालायचं. पाणी कमीजास्त झालं तरी रंग बदलतो. जास्त पाण्याची दरज वाळल्यावर फिकट दिसते. एका जास्तीच्या फरशीवर दगडाचे चार तुकडे चिकटवून नमुना भरावा आणि तीन-चार दिवस वाळू द्यावा. ओल्या मालाचा रंग पाहून निर्णय घेणारे नंतर हळहळतात. काळ्या पाषाणाला फिकट दरज दिली की एकेक दगड सुटा उठून दिसतो, गडद दिली की सगळी भिंत एकसंध वाटते. काळ्या दगडावर पांढऱ्या सिमेंटची फुगीर दरज ही आपल्याकडची जुनी आवड. चांगल्या हातानं ओढलेली ती शोभते, बाकी ठिकाणी दगडांना मलमपट्टी केल्यासारखं वाटतं.

भरण्याआधी भिंत भिजवणं दगडाच्या स्वभावावर आहे. जांभा आदल्या संध्याकाळी आणि भरण्याच्या तासभर आधी असा दोनदा भिजवावा, नाहीतर तो मालातलं पाणी शोषून घेतो आणि दरज भुसभुशीत राहते. वालुकाश्म थोडा कमी. काळा पाषाण पाणी जवळजवळ पीतच नाही, त्याला ओल्या कुंच्यानं पुसलं की पुरे. कुठल्याही दगडावर पाण्याची चकाकी दिसत असताना माल लावू नये.

एका माणसानं एका वेळी तीन-चार लिटरच माल कालवावा. अर्ध्या-पाऊण तासात तो संपायला हवा. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पुन्हा पाणी ओतून तो 'जिवंत' करणं ही सगळ्या साइटवरची लाडकी चूक. सिमेंटनं पकडायला सुरुवात केलेली असते, ती मोडली की पुन्हा तशी पकड येत नाही. रबरी हातमोजे घालावेत. ओलं सिमेंट कातडी भाजतं, आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं.

भरायच्या दोन रीती. एक आपली नेहमीची. थापीच्या पाठीवर घट्टसर माल घ्यायचा, थापी दरजेला टेकवायची आणि दरजेपेक्षा किंचित अरुंद पट्टीनं माल आत लोटायचा. दुसरी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीच्या कोनाची. ओबडधोबड दगडाला ती उत्तम, कारण दगडाच्या तोंडाला माल लागतच नाही. कोनाचं तोंड १० मिलिमीटर कापावं, पिशवी अर्धीच भरावी, तोंड दरजेच्या तळाशी नेऊन मागे मागे यावं. वरवर माल सोडला तर आत हवेची पोकळी राहते. कोनासाठी माल थोडा सैल लागतो. पण तो ओघळला तर पाणी जास्त झालंय असं समजावं. आधी उभ्या दरजा, मग आडव्या, आणि सगळं वरून खाली. दरज खूप खोल असेल तर दोन थरांत भरावी, पहिला थर आवळल्यावर दुसरा.

यानंतरचं काम सगळ्यात कठीण, कारण ते काही न करण्याचं आहे. भरलेली दरज ओबडधोबड, फुगलेली, कुठे दगडावर सांडलेली दिसते आणि हात शिवशिवतात. ओला फडका तर जवळच असतो. तो फिरवला की सिमेंटचं पाणी दगडाच्या रंध्रांत जातं आणि सगळ्या भिंतीवर राखाडी पडदा चढतो. तो नंतर जन्मभर निघत नाही. खुणेला अंगठा वापरावा. दरजेवर दाबल्यावर ठसा उमटला पाहिजे, पण अंगठ्याला माल चिकटता कामा नये. मेच्या उन्हात, पश्चिमेच्या भिंतीवर ही वेळ वीस मिनिटांत येते, सावलीत तासाभरानं, पावसाळी हवेत दोन तासांनीसुद्धा. म्हणून एकदम सगळी भिंत भरत सुटू नये. उन्हाळ्यात तर ऊन उतरल्यावरच हात घालावा.

अंगठ्यानं होकार दिला की १० मिलिमीटर सळईचा वाकवलेला तुकडा दरजेतून दाबून ओढायचा. दाबणं महत्त्वाचं. त्यानं माल दोन्ही कडांना घट्ट बसतो आणि आतल्या पोकळ्या मिटतात. किंचित खोलगट, गोलाईची दरज पाणी सगळ्यात चांगलं झटकते. दगडाच्या खूप आत ओढलेली खोल दरज सावलीमुळे देखणी दिसते, पण दगडाच्या खालच्या कडेवर पाणी साचतं. ती घराच्या आत करावी, पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर नको. सांडलेला माल याच वेळी कोरड्या भुग्यासारखा सुटतो. मऊ कोरड्या ब्रशनं तो तिरका झाडून टाकावा. दुसऱ्या दिवशी नायलॉनचा ब्रश आणि स्वच्छ पाणी. तारेचा ब्रश नको. त्याचे पोलादी कण दगडात राहतात आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके येतात.

राहिलेले डाग काढायला ॲसिड आणायचा सल्ला कोणी ना कोणी देतोच. शहाबाद आणि कोटा हे चुनखडीचे दगड, ॲसिड पडताच फेस येऊन त्यांचा पृष्ठभाग खाल्ला जातो. काळ्या पाषाणात लोह असतं, त्यावर पिवळट डाग उमटतात. नवी दरज तर दोन्हीकडे मरते.

खिडकीच्या ॲल्युमिनियम चौकटीशी येणारी फट मालानं भरू नये, तिथे लवचीक सीलंट (फट बुजवणारा रबरासारखा लेप) हवं. ॲल्युमिनियम उन्हात दगडापेक्षा कितीतरी जास्त पसरतं, आणि तिथली दरज दर वर्षी त्याच जागी तडकते.

पाणी सात दिवस मारावं, दिवसातून तीन-चार वेळा, फवाऱ्यानं. पहिल्या दिवशी पाइपाची धार सोडली तर दरज धुऊन निघते. ओलं गोणपाट टांगायची सवय चांगली, पण फिकट दगडावर तागाचा तपकिरी रंग उतरतो. पाऊस यायची शक्यता असेल तर ताडपत्री भिंतीला चिकटवून न लावता हातभर पुढे बांधावी, नाहीतर जिथे ती टेकते तिथे रंगाचे पट्टे पडतात.

पहिल्या काही महिन्यांत थोडा पांढरा खार येतोच. कोरडा असताना ब्रशनं झाडावा. पाण्यानं धुतला तर तो विरघळून आत जातो आणि वाळल्यावर पुन्हा बाहेर येतो. मात्र एकाच ठिकाणी वारंवार येत असेल तर दरज उकरण्याआधी वर पाहावं. गच्चीच्या कठड्याचा माथा उघडा असतो, कुंड्यांचं पाणी मुरत असतं किंवा मागे नळाचा सांधा गळत असतो. दगडावर लावायचा पाणीरोधक लेप २८ दिवसांनंतरच, भिंत पूर्ण कोरडी झाल्यावर लावावा, आणि तोही आत मुरणारा, भिंतीला श्वास घेऊ देणारा. चकचकीत वार्निशचा थर आतली ओल कोंडतो आणि स्वतःच पांढरा पडतो.

काम संपल्यावर उरलेली रेती आणि रंग एका बरणीत भरून प्रमाणाची चिठ्ठी चिकटवावी. सिमेंट मात्र ठेवू नये, दोन-तीन महिन्यांच्या दमट हवेत त्याचे खडे होतात. पुढे एखादा दगड निघाला तर सिमेंट ताजं आणता येतं, तीच रेती मिळेलच असं नाही.