जुना डीएक्स-७ घेताना: सौद्याआधी काय तपासलं, घरी आणून काय केलं

यामाहाचा डीएक्स-७ हा जुना सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) मडगावच्या बाजूला विकायला होता आणि मी बेळगावात. चोर्ला घाटातून १४ किलोचं धूड घरी आणल्यावर दोष कळून काही उपयोग नसतो. म्हणून सगळी तपासणी विकणाऱ्याच्या घरीच केली, आणि निम्मी वाद्य चालू करायच्या आधी. पिशवीत मल्टिमीटर, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, मोठ्या जॅकचा हेडफोन, सस्टेन पेडल, लॅपटॉप आणि तो वाद्याला जोडणारा मिडी इंटरफेस एवढंच होतं.

सगळ्यात आधी मागची विजेची पट्टी वाचायची. आपल्याकडे सॉकेटला २३० व्होल्ट असतात. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या वाद्यावर १०० लिहिलेलं असतं, अमेरिकेच्या वाद्यावर १२०. वायरीला आपला तीन पिनांचा प्लग दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये, प्लग कुणीही बदललेला असतो. १०० व्होल्टचं वाद्य थेट लावलं तर फ्यूज उडतो, आणि फ्यूजच्या जागी कुणी तार गुंडाळली असेल तर ट्रान्सफॉर्मरच जळतो. बाजारात मिळणारा स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) बहुतेक ११० व्होल्टचा असतो. लाइन २५० वर गेली की तो जवळजवळ १२० देतो आणि १०० व्होल्टच्या वाद्यातले रेग्युलेटर तापतात. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत वापरायचं असेल तर तिथल्या सॉकेटचा व्होल्टेज सकाळी आणि रात्री मोजूनच स्टेप-डाउन निवडावा. मला मिळालेलं वाद्य २३० चं होतं, आणि त्यासाठी थोडे पैसे जास्त द्यायला माझी हरकत नव्हती.

नंतर तळाचे स्क्रू बघितले. किनाऱ्यावरच्या दमट हवेत राहिलेल्या वाद्याचं खरं रूप वरच्या रंगावरून कळत नाही, स्क्रूच्या डोक्यावरच्या गंजावरून कळतं. तिथं गंज असेल तर आतल्या कनेक्टरांवरही धरावा. वाद्य हळूच तिरकं करून आत काही खुळखुळतं का तेही ऐकलं.

चालू केल्यावर डिस्प्ले अंधुक वाटला तर घाबरू नये, १९८३ च्या मूळ डीएक्स-७ ला मागचा उजेड नसतोच. बारीक सूसू आवाजही दोष नाही. त्याचा डीएसी (आकड्यांचा आवाज करणारा भाग) १२ बिटांचा आहे, तो तसाच बोलतो. पण सतत घुमणारा १०० हर्ट्झचा हम असेल तर पुरवठ्यातले कपॅसिटर सुकलेले आहेत असं समजावं.

मग फंक्शन दाबून १४ नंबरचं बटण: बॅटरीचा व्होल्टेज डिस्प्लेवर येतो. मला २.३ दिसला आणि आत साठवलेले ३२ आवाज (वाद्याचे तयार सूर-प्रकार) विस्कटलेले होते. विकणाऱ्याला वाटत होतं वाद्यच बिघडलं. बॅटरी उतरली की स्मृतीतले आवाज असे कचरा होतातच, वाद्याचा दोष नसतो. भाव करताना मात्र हे बोलून घ्यावं.

सर्वांत जास्त वेळ पट्ट्यांवर घालवला. ६१ पट्ट्या एकेक करून, आधी हलक्या आणि मग जोरात. पट्टी खाली जाताना दोन स्पर्शांमधला वेळ मोजून वाद्य जोर ठरवतं. स्पर्शबिंदू मळला की हा हिशोब चुकतो: पट्टी कशीही दाबा, एकाच जोरात वाजते, नाहीतर वाजतच नाही. अशा तीन पट्ट्या निघाल्या. मांडवातली धूळ बसलेल्या ऑर्केस्ट्राच्या वाद्यात हे नेहमीचं आहे आणि साफ करून बरं होतं. पट्टीच मोडलेली असेल तर जोडीची शोधण्यात महिने जातात, तेव्हा ते वेगळं मोजावं.

पेडल दाबून सोळा स्वर एकापाठोपाठ धरले, सोळाही टिकले. डीएक्स-७ चे एकाच वेळी वाजणारे सगळे सोळा स्वर एकाच डिजिटल यंत्रणेतून निघतात, त्यामुळे त्यातला एकटाच सहसा मरत नाही. रोलंडच्या ज्युनो-१०६ (१९८४) या सिंथेसायझरची गोष्ट निराळी. त्यात एकाच वेळी वाजणाऱ्या सहा आवाजांना ८००१७ए नावाच्या सहा चिपा असतात आणि त्यांच्यावरच्या लेपामुळेच त्या जातात. की ट्रान्सपोझ दाबून धरून ज्युनो चालू केला की दर स्वराला डिस्प्लेवर आवाजाचा नंबर दिसतो, त्यावरून मुका किंवा करकरणारा आवाज पकडता येतो. एक गेला म्हणजे पाच चांगले असं मी धरत नाही. लेप सहाही चिपांवर तोच असतो. कोर्ग पॉलिसिक्स (१९८१) हा सिंथेसायझर असेल तर उघडून बघितल्याशिवाय आगाऊ रक्कमसुद्धा देऊ नये, त्यातली निकेल-कॅडमियम बॅटरी गळून बोर्डाचे तांब्याचे मार्ग खाते.

शेवटी मिडी, म्हणजे वाद्य आणि संगणक एकमेकांशी बोलतात ती जोडणी. लॅपटॉपवरून ३२ आवाजांची फाइल पाठवायची तर मेमरी प्रोटेक्ट (साठवलेले आवाज पुसू न देणारं कुलूप) बंद करावा लागतो आणि फंक्शन ८ मध्ये ‘सिस इन्फो अव्हेल’ लावावं लागतं, म्हणजे वाद्य अशी फाइल घेतं. ही फाइल बरोबर ४१०४ बाइटांची असते. स्वस्तातली यूएसबी-मिडी वायर एवढा लांब संदेश मध्येच तोडते आणि दोष वाद्यावर येतो, म्हणून चांगला इंटरफेस सोबत न्यावा.

घरी आल्यावर वायर काढून वाद्य उघडलं. जुनी सीआर२०३२ (नाण्यासारखी चपटी) बॅटरी बोर्डाला झाळलेली असते. ती काढून तिथं होल्डर झाळला. लिथियम सेलला थेट सोल्डरिंग आयर्न कधीही लावू नये, सेल फुटू शकतो. + आणि − दोनदा पाहिले. तीन पट्ट्यांचे स्पर्शबिंदू ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, पूर्ण सुकू दिले, मग आवाजांची फाइल पुन्हा भरली. त्यानंतर दोन दिवस वायर काढून ठेवली. तिसऱ्या दिवशी फंक्शन १४ वर ३.१ दिसले आणि बत्तीसही आवाज जागेवर होते.