शेवटचं वाटीभर पाणी : आमची वाटचाल

खंडेनवमीला आमच्या घरी अवजारांची पूजा होते. चौरंगावर एअर कंप्रेसरचा पाइप, प्रेशर गेज, मोठा सॉकेट पाना, गुलाबी अँटीफ्रीझचा (थंडीत सहज न गोठणाऱ्या द्रवाचा) एक कॅन आणि एक स्टीलची वाटी. मिशिगनमध्ये पानं रंग बदलायला लागली की आमचा हंगाम सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत दोन्ही व्हॅन रोज बाहेर असतात.

काम काय, तर ट्रॅव्हल ट्रेलरमधलं पाणी काढणं. ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं छोटं घर. सिंक, शॉवर, गीझर, संडास, पंप, टाक्या, सगळं त्यात असतं. हिवाळ्यात तो अंगणात बंद उभा असतो. इथे पारा शून्याखाली 15-20 अंशांपर्यंत सहज उतरतो. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे 9 टक्के फुगतं. आतले प्लास्टिकचे पाइप थोडे ताणून घेतात, पण जोड, नळ आणि पंपाचं डोकं तडकतं. ते कळतं थेट एप्रिलमध्ये, पाणी सोडल्यावर.

माझ्या वडिलांचं इचलकरंजीला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. मी इंजिनिअर झालो, 2008 साली नोकरीसाठी ग्रँड रॅपिड्सला आलो. पोरं लहान असताना, 2014 मध्ये, एक जुना 22 फुटी ट्रेलर घेतला. त्याचं पाणी काढायला मॅन्युअल घेऊन बसलो आणि दुकानात घालवलेल्या सगळ्या सुट्ट्या हातात परत आल्या. शेजाऱ्याचा ट्रेलर केला, मग त्याच्या मेहुण्याचा. 2017 मध्ये रीतसर फर्म काढली. सुरुवातीला शनिवार-रविवारच. फोन आणि हिशोब सौ. बघायची, आजही तीच बघते.

पहिल्याच हंगामात आमच्या हातून चूक झाली. निवृत्त जोडप्याचा ट्रेलर होता. आम्ही टाक्या रिकाम्या केल्या, तळाचे ड्रेन उघडले, हवा मारली, आतल्या प्रत्येक नळातून गुलाबी रंग येईपर्यंत अँटीफ्रीझ खेचलं. बाहेरच्या भिंतीत, झाकणाआड, पाय धुवायचा छोटा शॉवर असतो. तो राहिला. एप्रिलमध्ये त्याचा व्हॉल्व्ह भिंतीच्या आत फुटलेला निघाला. मालकांच्या लक्षात येईपर्यंत खालचं प्लायवूड फुगून बसलं होतं. आम्ही दोन आठवडे संध्याकाळी जाऊन जमीन उकलली, नवीन बसवली, एक डॉलर घेतला नाही. त्या आजींनी रोज कॉफी आणून दिली. त्याने मला जास्तच लाज वाटली.

वडिलांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "हवा मारली म्हणून पाणी गेलं असं समजू नको. हवेला मोकळी वाट मिळाली की ती पाण्यावरून निघून जाते. त्यात नॉन-रिटर्न, म्हणजे पाणी एकाच बाजूला जाऊ देणारे व्हॉल्व्ह, कुठं कुठं आहेत ते आधी बघ. त्याच्यामागं पाणी अडणारच."

त्या रविवारी मी आमचाच ट्रेलर पुढ्यात घेतला आणि पाणी अडेल अशी प्रत्येक जागा वहीत उतरवली. आज त्याच वहीवरून आमचा क्रम ठरतो. आधी गीझरचा गॅस आणि वीज बंद. टाकी गार होऊ द्यायची, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून दाब सोडायचा, मगच खालचा प्लग काढायचा. पोलादी टाकीत प्लगलाच एक सळई असते. टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते. कधी कधी ती उगाळून संपत आलेल्या चंदनाच्या खोडासारखी बाहेर येते. अशी सळई आम्ही मालकाच्या हातात देतो आणि नवीन बसवतो. मग गीझर बायपास करायचा, म्हणजे पाण्याच्या वाटेतून वगळायचा, नाहीतर त्याची 6 गॅलनची टाकीच सगळं अँटीफ्रीझ पिऊन टाकते. बायपास केलं की दोन-तीन गॅलनमध्ये साधारण ट्रेलर होतो. हवेचा दाब 40 पीएसआयच्या वर नेत नाही, जोड सुटतात. पाण्याचा फिल्टर काढून ठेवायचा. शेवटी सिंक आणि शॉवरखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी साचून राहणाऱ्या वाकड्या पाइपमध्ये, पेलाभर अँटीफ्रीझ.

फक्त हवा मारून द्या, असं सांगणारे बरेच भेटतात. ते काम आम्ही घेत नाही. कॅनवर उणे 50 फॅरनहाइट लिहिलेलं असतं, पण तो आकडा पाइप न फुटण्याचा आहे. बर्फाचा लगदा त्याच्या कितीतरी आधी होतो, आणि आत पाणी राहिलेलं असेल तर मिश्रण आणखी कच्चं पडतं. म्हणून आधी पूर्ण निचरा, मग गुलाबी. आणि गुलाबीच, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकोल. गाडीच्या रेडिएटरमधलं इथिलीन ग्लायकोल विषारी असतं. ज्या नळाचं पाणी पोरं पिणार, त्यात ते चुकूनही जाता कामा नये.

2020 मध्ये विमानं जवळजवळ बंद झाली आणि लोकांनी भराभर ट्रेलर घेतले. पहिल्यांदाच मालक झालेल्यांना हे काहीच ठाऊक नव्हतं. त्या ऑक्टोबरमध्ये फोन थांबेना. पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली, दुसरी व्हॅन घेतली, दोन मुलं कामाला ठेवली. आता सर्वांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे शिकारी. इथे बंदुकीने हरणाची शिकार 15 नोव्हेंबरला सुरू होते, ट्रेलर तोवर रानात हवा असतो, आणि पाणी कडाक्याच्या थंडीत काढावं लागतं. तेव्हा हीटर लावून आधी पाइपांमधला बर्फ वितळवतो.

2022 च्या शरदात वडील आले होते. एके दिवशी व्हॅनमधून सोबत आले. बाहेरून नळी जोडायच्या तोंडाशी गुडघ्यावर बसले, जाळी काढली, आतला छोटा नॉन-रिटर्न बोटाने दाबला आणि घरून आणलेली वाटी खाली धरली. आमचं सगळं काम झालेलं होतं. तरी पाणी आलं, आधी स्वच्छ, मग फिकट गुलाबी, मग गडद. वाटी जवळजवळ भरली. त्यांनी ती आमच्या नव्या मुलापुढे धरली. त्याला मराठी येत नाही, पण त्याने लगेच वही काढली.

ती वाटी तेव्हापासून पहिल्या व्हॅनमध्येच असते.