तुरटी, लिटमस आणि तरंगणारा निळा गोळा

बारावीच्या प्रॅक्टिकलचे दिवस आले की बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी भाच्यापासून खालच्या मजल्यावरच्या पोरांपर्यंत सगळे सॉल्ट ॲनालिसिसच्या, म्हणजे दिलेल्या क्षारात कोणता धातू आहे ते ओळखायच्या, वह्या घेऊन हजर. एरवी आत्या कोणाला आठवत नाही!

लाडकं सगळ्यांचं तांबं. अमोनिया टाकला की आधी फिकट निळा साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, आणखी टाकला की तो विरघळून गडद निळं द्रावण. मार्क खिशात. निकेलसुद्धा जास्त अमोनियात निळं होतं, हे सांगितलं की चेहरे उतरतात. तिथे डायमिथाइल ग्लायॉक्झिम नावाचं रसायन लागतं. निकेल असेल तर लालचुटूक साका येतो. चुगाएव नावाच्या रशियन रसायनशास्त्रज्ञानं ही टेस्ट १९०५ साली दिली.

ॲल्युमिनियम मात्र कोणालाच नको असतं. द्रावण बिनरंगी, साका पांढरा आणि बुळबुळीत. जस्ताचाही पांढराच, पण तो जास्त अमोनियात विरघळतो, ॲल्युमिनियमचा तसाच राहतो. पोरं इथेच थांबून उत्तर लिहून मोकळी होतात. मी त्यांना लेक टेस्ट, म्हणजे ॲल्युमिनियमची खात्री करायची चाचणी, करायलाच लावते, कारण मला स्वतःला ती फार आवडते.

साका विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा. निळ्या लिटमसचे थेंब टाका. आम्ल असल्यानं ते लाल होतं. आता परखनळी तिरकी धरून कडेनं अमोनिया सोडा आणि हलवू नका. लिटमस परत निळं होतं, साका परत येतो, आणि सगळा निळा रंग त्या साक्यातच जाऊन बसतो. भोवती स्वच्छ पाणी, मध्ये तरंगणारा निळा गोळा.

भाच्यानं बरोबर शंका काढली: "आत्या, हा निळा तर लिटमसचा. ॲल्युमिनियमचा कुठे?"

नाहीच मुळी! ॲल्युमिनियमला स्वतःचा रंग नाही, पण दुसऱ्याचा घट्ट धरून ठेवता येतो. रंगारी हेच तुरटीनं करत आले. अलिझारीन हा रंग नुसत्या सुती कापडावर नीट टिकत नाही. कापड आधी तुरटीतून काढलं तर लाल चढतो, लोहाच्या क्षारातून काढलं तर जांभळा. रंग एकच, धातू बदलला की छटा बदलली. म्हणजे कापडच धातू ओळखून दाखवतं.

आणि हे बडोद्यात सांगायला मला जरा जास्तच जोर चढतो. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, पहिले प्रिन्सिपॉल त्रिभुवनदास गज्जर, तेही रसायनशास्त्राचेच. कापड रंगवणं तिथे रीतसर शिकवायचे. तिथे आता युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे. आमची पोरं समोरून रोज स्कूटर दामटतात, पण तुरटीचं नाव काढलं तर त्यांना फक्त दाढी आठवते.

एक मात्र सांभाळा. लिटमस दोन-तीन थेंबच. जास्त पडलं तर भोवतालचं पाणीही निळं राहतं, गोळा वेगळा दिसत नाही, आणि एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, पुन्हा करायला लावतात.